हरलेल्यांची ओळखपत्रं

आमच्या टॉवरच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या अगदी समोर, एक भिंत आहे. जुन्या चाळींमधल्या कबड्डीपटूंचे फोटो तिच्यावर काचेत लावलेत आणि वर सोनेरी अक्षरांत ‘आमचे मानकरी’ असं लिहिलंय. पहिला फोटो बाकीच्यांच्या दुप्पट आहे. त्यातला माणूस पंचविशीचा, गालफडं बसलेली, गंजीवर चार नंबर शिवलेला. कॅमेऱ्याकडे जरा रागानंच बघतोय. लिफ्ट येईपर्यंत मला रोज त्याच्यासमोर उभं राहावं लागतं, सकाळी ऑफिसला जाताना आणि संध्याकाळी परत येताना. त्याच्या खाली जे नाव आहे ते त्याचं नाही. हे आता या बिल्डिंगीत दोघांनाच ठाऊक आहे आणि आम्ही दोघंही बोलत नाही. तिसरे होते नाना तावडे. ते गेल्या पावसाळ्यात गेले.

नाना आमच्या काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आमच्यापासून तिसऱ्या दारात. मूळचे देवगडकडचे. गिरण्यांच्या संपाआधी मिलच्या फोल्डिंग खात्यात, संपानंतर शिवडीच्या एका गोदामात आलेल्या मालाच्या गोण्या मोजायला. पण ही झाली त्यांची नोकरी. त्यांचं खरं वर्ष दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि होळीला संपायचं, कारण तेवढेच दिवस मैदानांवर कबड्डीच्या स्पर्धा असायच्या. नायगाव, लालबाग, परळ, प्रभादेवी, जिथे मांडव पडेल तिथे नाना हजर. कामावरून सुटले की घरी न येता परस्पर मैदानात. त्यांची बायको, सुमनकाकी, डबा आमच्या हातात द्यायची आणि म्हणायची, “जा, आमच्या पंचांना जेवू घालून या.”

ते पंच नव्हते. खेळाडूही नव्हते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकदाही चढाई केली नाही. कुणी त्यावरून चिडवलं तर म्हणायचे, “माका खेळूक येणा नाय, बघूक येता.” आणि हे ते थट्टेत म्हणत नसत. बघणं हे काम आहे आणि ते आपल्याला येतं, याचा त्यांना अभिमान होता.

बघायची त्यांची एक रीत होती. खुर्ची दिली तरी घ्यायची नाही. काखेत घडी करून आणलेलं गोणपाट मैदानाच्या कोपऱ्यात, अंतिम रेषेला लागून अंथरायचं, चपला लांब काढायच्या, मातीला हात लावायचा आणि बसायचं. गॅलरीतून खेळ दिसतो, लाइन दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. लाइन बघायची तर डोळा लाइनीच्या पातळीला पाहिजे. चढाई करणारा मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेला की नाना छाती भरून श्वास घेत आणि त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत ‘कबड्डी कबड्डी’ सुरू करत. तो परत येईपर्यंत नानांचा दम तुटायचा नाही. तो पकडला गेला तर नानांचाही श्वास तिथेच सुटायचा, आणि मग ते थोडा वेळ मान खाली घालून बसायचे. सत्तरीनंतर हे जमेना. चढाई अर्धी व्हायच्या आतच त्यांना खोकला यायचा. तेव्हा ते शेजारच्याला म्हणायचे, “जा तू, मी येतंय मागसून,” आणि स्वतःच हसायचे.

सामना संपला की लोक जिंकलेल्या पोरांना खांद्यावर घ्यायला धावायचे. नाना उलट दिशेला निघायचे, गुणलेखकांच्या टेबलाकडे. इथे मला ओळखपत्रांविषयी सांगायला हवं. त्या काळी स्पर्धेला उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचं एक पुठ्ठ्याचं कार्ड असायचं, साधारण तळहाताएवढं. त्यावर फोटो चिकटवलेला, खेळाडूचं आणि मंडळाचं नाव, उंची, वजन, चिटणीसाची सही आणि फोटोच्या कोपऱ्यावर अर्धा उमटलेला शिक्का. सामन्याआधी ही सगळी कार्डं टेबलावर जमा करायची आणि सामना संपला की परत घ्यायची. जिंकलेला संघ आपली कार्डं मोजून नेई, कारण त्यांना पुढची फेरी खेळायची असे. हरलेल्यांचं काही खरं नसे. कुणी भांडत निघून जाई, कुणी रडत, कुणाला घरच्यांनी दंडाला धरून नेलेलं. दोन-चार कार्डं टेबलावरच राहत. स्पर्धा आटोपली की मांडववाला ती झाडून काढायचा. नाना ती झाडण्याआधी उचलायचे.

अशी त्यांच्याकडे चपलांची सात खोकी भरून कार्डं होती. प्रत्येक कार्ड रेल्वेच्या पासाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, वर डांबराची गोळी, आणि खोक्यावर मैदानाचं नाव. म्हणजे हौशी लोक विजेत्यांच्या आठवणी जमवतात आणि नानांकडे नेमके जे जे हरले तेवढेच. सुमनकाकी म्हणायची, “मुंबईतली सगळी हरलेली माणसं आमच्या खाटेखाली राहतात, आणि एक जण भाडं देईल तर शपथ.” नाना यावर हसायचे नाहीत. ते म्हणायचे, “जिंकलेल्यांचे फोटो पेपरात येतत. ह्यांका कोण इचारता?”

कार्डाचा मालक आला तर त्याला कार्ड परत द्यायचं, असा त्यांचा नियम होता. पण ते सहज मिळत नसे. एका रविवारी नायगावच्या पोलिस लाइनीतून एक निवृत्त हवालदार आला. पोट एवढं की दारातून आडवा शिरला. कुठूनतरी त्याच्या कानावर आलं होतं की त्याचं जुनं कार्ड नानांकडे आहे आणि ते नातवाला दाखवायचं आहे. नानांनी नाव विचारलं, मैदान विचारलं, कोणत्या संघाविरुद्ध हरलात तेही विचारलं, आणि तिसऱ्या खोक्यातून कार्ड काढून दाखवलं. हवालदारानं ते चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं.

“हा मी नव्हे,” तो म्हणाला.

“तुम्हीच.”

“अहो, मी मला ओळखत नाही का?”

“नाय ओळखत,” नाना शांतपणे म्हणाले. “डावो कान बघा. वरसून तुटललो हा. शिवडीच्या मैदानात ढोपरपकड करताना तुटलो. मी थंयच होतंय.”

हवालदाराचा हात आपसूक कानाकडे गेला. मग तो खाटेवर बसला. जाताना त्याच्याकडून नानांनी एका दमात ‘कबड्डी’ म्हणवून घेतलं. हवालदाराचा दम चार-पाच शब्दांत संपला. नानांनी कार्ड दिलं आणि रिकामं कव्हर, आत नावाची चिठ्ठी घालून, परत खोक्यात ठेवलं. एकदा पाहिलेला चेहरा ते विसरत नसत. म्हणूनच पुढे जे झालं ते त्यांच्यापासून लपणं शक्य नव्हतं, आणि हे मला सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

चाळ पाडली तेव्हा आम्हा सगळ्यांना ट्रान्झिट कॅम्पात हलवलं. चाळीसमोरचं मैदानही त्यातच गेलं. तिथे आता पार्किंगचे तीन मजले आहेत. त्या वर्षी माझ्या मुलानं नानांना मोठ्या लीगचा सामना दाखवायला नेलं, वातानुकूलित स्टेडियममध्ये, दिवे, नाच, सगळं. मीही होतो. आत शिरताना नानांनी सवयीनं चपला काढल्या. दारावरचा रखवालदार म्हणाला, “चाचा, चप्पल पहनो, मंदिर नहीं है.” नानांनी चपला घातल्या. मॅट त्यांना फारशी खटकली नाही, खेळाचा वेग तर आवडलाच. पण एका चढाईत पाय बाहेर पडला की नाही यावर वाद झाला आणि सामना थांबवून पडद्यावर तोच पाय चार-चार वेळा दाखवायला लागले. चढाई करणारा पोरगा कमरेवर हात ठेवून पडद्याकडे बघत उभा होता.

“त्याका ठाऊक नाय आपलो पाय खंय पडलो तो?” नानांनी विचारलं.

माझा मुलगा म्हणाला, “आजोबा, त्याला माहीत असणार. पण तो कशाला सांगेल? कॅमेरा आहे ना.”

 परतताना टॅक्सीत नाना एकदाच म्हणाले, “आमच्या टायमाक हात वर करीत.” तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हातारी माणसं जुन्या काळाबद्दल बोलतात तसंच ते मला वाटलं.

टॉवर उभा राहत आला तेव्हा भिंतीची कल्पना निघाली. ती राजूभाऊ शिरोडकरांची. राजूभाऊ आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, मंडळाचेही अध्यक्ष, बिल्डरशी बोलणारे तेच आणि बिल्डरच्या वतीनं आमच्याशी बोलणारेही तेच. मी सोसायटीचा सहचिटणीस, म्हणजे त्यांच्या मागून फाइल घेऊन चालणारा. त्यांचे वडील कैलासवासी पांडुरंग शिरोडकर आमच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचे. घराण्यात त्याचा मोठा तोरा होता. चार नंबरची त्यांची गंजी राजूभाऊंनी दिवाणखान्यात फ्रेम करून लावली होती. फक्त वडिलांचा तरुणपणचा फोटो एकही नव्हता. राजूभाऊ मला म्हणाले, “सुनील, नानांकडे सगळे जुने फोटो आहेत म्हणे. तू माग. तुला नाही म्हणणार नाहीत.”

मी गेलो. दुपारची वेळ होती, काकी झोपली होती. ट्रान्झिटच्या त्या खुराड्यात नाना पंख्याखाली खोकी उघडून बसले होते, डांबराच्या गोळ्या बदलत. मी विषय काढला. मला वाटलं होतं खूश होतील. ते खूश झाले नाहीत, घाबरल्यासारखे झाले. मग उठून त्यांनी दाराला कडी घातली आणि सर्वांत जुन्या खोक्याच्या तळातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. गालफडं बसलेली, गंजीवर चार नंबर.

“ह्यो यशवंत घाडी,” ते म्हणाले. “भिंतीर पयलो फोटो घाड्याचो लावा. मगे बाकीचे सगळे घेऊन जा. नायतर एकव देवचंय नाय.”

मी कारण विचारलं आणि नानांनी मला ते सांगितलं. माझ्या माहितीप्रमाणे ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

घाडी आणि नाना एकाच गावचे, एकाच मिलमध्ये. घाडी मंडळाचा सगळ्यांत चांगला चढाईवाला. लालबागच्या मैदानावर अंतिम सामना होता. शेवटची चढाई, दोन्ही संघ बरोबरीत. घाडी गेला, पार अंतिम रेषेपर्यंत गेला, कोपरारक्षकाला पाय लावला आणि झटापटीतून झेप घेऊन मध्यरेषा गाठली. पंचानं गुण दिला. आमचं मंडळ जिंकलं होतं. लोक मैदानात शिरायला लागले होते, आणि घाडीनं हात वर केला. सरळ, पंजा उघडा, खेळाडू बाद झाल्याचं स्वतःहून सांगतो तसा. पंच जवळ आले. घाडी म्हणाला, माझा पाय बाहेर पडला होता. गुण गेला, घाडी बाद, वर एक गुण समोरच्यांना. एका गुणानं आमचं मंडळ हरलं.

आता पाय बाहेर पडला होता की नाही हे बघायला दुसरं कुणी नव्हतं. रेषापंचाची नजर झटापटीकडे होती, आणि चुन्याच्या फक्कीची रेघ गर्दीनं तुडवून पुसली गेली होती. पण त्याच कोपऱ्यात गोणपाटावर तरुण नाना बसले होते. पाय त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडला होता. पांडुरंग शिरोडकर, म्हणजे राजूभाऊंचे वडील, त्या संघात बचावाला होते. ते चिडून आले आणि सगळ्यांसमोर नानांना म्हणाले, “तावड्या, तू इथेच बसलेलास ना? सांग. पडला पाय बाहेर?” त्यांच्या मागे पन्नास-साठ माणसं. काही जणांच्या हातात मांडवाचे बांबू.

“मी म्हटलंय, माका दिसूक नाय,” नाना म्हणाले.

एवढंच. कुणावर खोटा आळ नाही, शिवी नाही. फक्त दिसलं नाही. पण त्याचा अर्थ लोकांनी लावायचा तो लावला. पाय बाहेर नव्हताच, मग घाडीनं हात का वर केला? समोरच्यांनी फोडला त्याला. त्या संध्याकाळी घाडीला मारलं. पुढच्या आठवड्यात मंडळानं काढून टाकलं. मिलमध्ये तो बदली कामगार होता, रोज हजर होऊन मिळेल ते काम घेणारा. मंडळातलेच लोक मिलच्या संघात, त्यांनी खात्यात उभं राहू दिलं नाही. महिन्याभरात तो गावी निघून गेला. टेबलावर राहिलेलं त्याचं कार्ड न्यायला आलाच नाही. ते नानांनी उचललं. त्यांच्या खोक्यातलं ते पहिलं कार्ड.

“आणि चार नंबरची गंजी?” मी विचारलं.

“ती पांडूक मिळाली. घाडी गेल्यार.”

मी म्हणालो, नाना, तुम्ही नंतर कधी त्याला भेटला नाहीत? ते भेटले होते. सात-आठ वर्षांनी गावी गेले तेव्हा मुद्दाम त्याच्या घरी गेले. घाडी चिऱ्याच्या खाणीत कामाला होता. त्यानं अंगणात खाट टाकली, बायकोला चहा करायला सांगितला आणि नानांना विचारलं, मुंबईक कबड्डी कशी चल्ली हा? नवे पोरगे बरे हत? नानांनी तासभर नव्या पोरांचं वर्णन केलं. जे सांगायला गेले होते ते सांगितलंच नाही. घाडीनंही विचारलं नाही. उसाच्या कांड्या बांधून दिल्या आणि बसथांब्यापर्यंत पोचवायला आला. पुढे तोही गेला.

“त्यानं इचारल्यान असता तर सांगितलं असतंय,” नाना म्हणाले. मग थोड्या वेळानं, “खोटा कशाक बोलू. नसतंय सांगितलं.”

त्या वेळी मला नानांचा राग आला. हे मी लपवत नाही. सबंध गिरणगावात बघायला येतं म्हणून मिरवणारा माणूस, आणि एकदाच जे बघायचं होतं ते बघून नाही म्हणाला. कुणाचं आयुष्य गेलं, आणि ह्यांनी काय केलं, तर प्लॅस्टिकच्या कव्हरात त्याचा फोटो जपला. माझ्या चेहऱ्यावर ते आलं असावं. नानांनी खाली बघून कार्ड पुसलं आणि पुन्हा माझ्या हातात दिलं. “भिंतीर लागलो काय लोक इचारतीत, हो कोण? मगे मी सांगतलंय,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर.”

राजूभाऊंनी अट ऐकून खांदे उडवले. “लावू की. घाडी तर घाडी. आपल्याला काय.” वडिलांमुळे घाडीवर काय आळ आला होता हे त्यांना माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. सातही खोकी बॅनर छापणाऱ्याकडे गेली. फोटो तेवढे कापून मोठे करायचे होते, नावासकट कार्डाची बाकीची बाजू लागणार नव्हती.

उद्घाटनाला दोन दिवस असताना मी भिंत बघायला गेलो. पहिला फोटो घाडीचाच होता, बाकीच्यांच्या दुप्पट. खाली नाव होतं, कै. पांडुरंग शिरोडकर. बाकीच्या फोटोंत घाडी हे नाव कुठेच नव्हतं.

झालं होतं असं, की छापणाऱ्यानं राजूभाऊंना मोबाइलवर सगळे फोटो पाठवले आणि नावं विचारली. राजूभाऊंनी आपल्या मंडळाची गंजी पाहिली, तिच्यावरचा चार नंबर पाहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले. लहानपणापासून दिवाणखान्यात बघितलेला तो नंबर. बाबांचा फोटो सापडला, असं त्यांनी घरी ओरडून सांगितलं, आणि घाडीची अट विसरून तोच फोटो पहिला, दुप्पट मोठा लावायला सांगितला. चार नंबर आधी दुसऱ्या कुणाच्या अंगावर असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांच्या आईनंही फोटो बघून डोळे पुसले म्हणे. लग्नाआधीचा नवरा तिनं कधी पाहिला होता?

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते भिंतीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. मग त्यांनी विचारलं, “अजून कुणाला माहितीये?”

“नानांना. बघितलं की लगेच कळेल.”

“आईनं घरी त्या फोटोला हार घातलाय, सुनील.” थोडं थांबून म्हणाले, “परवा आमदार येतायत. कार्यक्रम होऊ दे. मग बघू. नानांना तू सांभाळ. तुझ्या शेजारीच बसव.” आणि जाता जाता, “तुझ्या पार्किंगचं पत्र काढायचं राहिलंय ना? सोमवारी काढू.”

पार्किंगच्या पत्रासाठी मी हे केलं असं नाही. निदान तेवढ्यासाठीच नाही. पंधराव्या मजल्यावरचं पूर्वेचं घर मला त्यांनीच मिळवून दिलं होतं. मुलाचं लग्न ठरत होतं. याच माणसांत राहायचं होतं. आणि दोन दिवसांत मी नानांना सांगू शकलो असतो, जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी गेलो नाही. मधे एकदा त्यांचा फोन आला, “लागलो काय रे घाडी?” मी म्हणालो, “लागला.” ते खोटं नव्हतं.

रविवारी सकाळी सत्यनारायणाची पूजा झाली आणि खाली सगळे जमले. नाना इस्त्रीचा सदरा घालून आले होते. खिशात घडी केलेला कागद होता, चार ओळी लिहून आणलेल्या. आयुष्यात कधी माइकवर बोलले नव्हते. त्यांना खुर्चीवर बसायला सांगावं लागलं नाही, माझ्या शेजारी निमूट बसले. पहिली रांग, भिंतीपासून दहा पावलांवर. भाषणं झाली. आमदारांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या वाजल्या.

नाना आधी नुसते हसले. घाडी दिसला होता. मग त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि खालचं नाव वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. राजूभाऊ माइकवर सांगत होते की बाबांसारखी सच्ची माणसं आता राहिली नाहीत, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फुटत होता.

नानांनी हात वर केला.

सरळ, पंजा उघडा. बोलले काही नाहीत. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला काही हवंय. मागून कुणीतरी म्हणालं, “नाना, टॉयलेट डावीकडे.” लोक हसले. राजूभाऊंनी पाहिलं आणि क्षणभर थांबले. मग माइकवरच म्हणाले, “नानांना घाई झालीये, जेवण तयार आहे नाना, दोनच मिनिटं.” परत हशा पिकला. हात वरच होता.  आमदार घड्याळाकडे बघत होते, राजूभाऊ माझ्याकडे बघत होते. मागच्या रांगेतून माझ्या बायकोनं पाठीत बोट खुपसलं.

मी नानांचं कोपर धरलं आणि हात खाली घेतला. मला वाटलं होतं जोर लावावा लागेल. अजिबात लागला नाही. तो मी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि वर माझा हात ठेवून दिला, कार्यक्रम संपेपर्यंत.

सगळे पंगतीकडे निघाले तेव्हा नानांनी माझ्या हाताखालून आपला हात काढून घेतला. खिशातला कागद काढला, न उघडताच पुन्हा आत ठेवला. रागावले नव्हते. मला बघून ते जरा ओळखीचं हसले.

“तूपण लायनीवरच बसललंस रे, सुन्या,” ते म्हणाले.

ते जेवायला थांबले नाहीत. मी थांबलो.